तिसऱ्या हाकेपर्यंत

शाळेच्या बसवर काम करणाऱ्या बाईचा आवाज मोठा असावा लागतो, असं सगळे समजतात. माझा नव्हता. चौथीत असताना बाई म्हणायच्या, "सुमन, मोठ्याने वाच," आणि मी आणखी हळू वाचायचे. पाचवीची शाळा खाडीपलीकडे होती. तिथे मला कुणी धाडलं नाही, त्यामुळे मोठ्याने वाचायचं राहूनच गेलं. कुवेतला आल्यावर मला ही नोकरी लागली तेव्हा माझे यजमान म्हणाले, "तुझी हाक पुढच्या सीटपर्यंत तरी जाईल का?" ते अम्गऱ्याला एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करतात. तिथे सगळे ओरडूनच बोलतात.

नाही जायची माझी हाक. म्हणून मी मारायचेच नाही. मुलाच्या सीटपाशी जायचे आणि वाकून नाव घ्यायचे. एवढ्या वर्षांत त्यावाचून काही अडलं नाही. एकदा अडलं. तेच लिहायला बसले आहे. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाला देईन की नाही, ते अजून ठरवलेलं नाही.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांना वाटतं, बसमधली बाई म्हणजे दार उघडणारी आणि बंद करणारी. दार तर ड्रायव्हर बटणाने उघडतो. माझं काम मुलाच्या कोपराला धरून त्याला वर घेण्याचं. तळहात कधी धरायचा नाही, घामाने निसटतो. उन्हाळ्यात पट्ट्याचं बक्कल एवढं तापतं की मांडीला चटका बसतो, म्हणून मूल बसण्याआधी त्यावर ओलं फडकं फिरवायचं. कुणाला मळमळतंय ते तोंडावरून ओळखायचं आणि पिशवी वेळेवर पुढे करायची. बस रिकामी झाली की शेवटच्या सीटपर्यंत वाकून बघत जायचं आणि वाकून बघतच परत यायचं. इथल्या उन्हात बंद बस म्हणजे भट्टी. झोपलेलं मूल आत राहिलं तर पुढचं बोलायलाच नको. या कामात बाकी सगळ्या चुकांना माफी आहे, या एका चुकीला नाही.

आणि ओळखीच्या माणसाशिवाय मूल कुणाच्या हाती द्यायचं नाही. जाब्रियाच्या एका थांब्यावर एक गृहस्थ रोज मुलाला न्यायला यायचे. एक दिवस ते मिशी काढून आले. मी मूल दिलं नाही. ते म्हणाले, "अहो, मी याचा बाप आहे." मी खाली मान घालून म्हटलं, "असाल." मूलही आमच्याकडे आळीपाळीने बघत गप्प उभं. शेवटी वरच्या मजल्यावरून त्यांची बायको ओरडली, "द्या हो मावशी, तेच आहेत, मीसुद्धा सकाळी घाबरले होते!" आमचे ड्रायव्हर उस्मानभाई ही गोष्ट अजून सगळ्यांना सांगतात. ते रत्नागिरीकडचे, दर्यावर्दी घरातले. मला 'बाय' म्हणतात. बस चालवतात होडीसारखी, म्हणजे शांत, पण डोळा सारखा आभाळावर.

माझ्या बसमध्ये सई नावाची मुलगी होती. नऊ-दहा वर्षांची, बारीक, चष्मा. आई वर्षाताई जाब्रियाच्या एका हॉस्पिटलात नर्स, वडील कंपनीच्या कामाने बहुतेक बाहेर. सईला दमा होता. दम्याचा पंप तिच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असायचा आणि तो तिथे आहे ना, हे मी रोज सकाळी चाचपून बघायची. बाकीची मराठी मुलं माझ्याशी इंग्रजीत बोलायची. सईची आजी मागच्या वर्षापर्यंत इथे राहायला होती, म्हणून सई मराठी बोलायची.

त्या उन्हाळ्यात शाळेच्या लायब्ररीतून तिने एक जाड पुस्तक आणलं. मुलांसाठी लिहिलेली भुताची कादंबरी. बस चालू असताना वाचू नकोस, मळमळेल, असं मी सांगायची. ती म्हणायची, "मावशी, मी वाचत नाही, फक्त बघते," आणि पान उलटायची.

गोष्ट मला तिनेच सांगितली, रोज थोडी थोडी. मेक्सिको नावाचा देश आहे, तिथली. तिथे खरंच लोक सांगतात, की एका बाईची मुलं नदीत गेली, आणि ती मेली तरी पांढऱ्या कपड्यात पाण्याच्या काठाने रडत फिरते, माझी मुलं कुठे, माझी मुलं कुठे, असं करत. कुणाचं मूल एकटं सापडलं तर आपलंच समजून घेऊन जाते. या पुस्तकात त्या बाईचीच गोष्ट नव्याने रचलेली होती. त्यात मेणबत्त्या विकणाऱ्या म्हातारीची एक नात होती आणि एका पायावर उभं राहून बोलणारा बगळा होता. ती नात हरवलेल्या भावाला शोधायला त्या बाईच्या मागे मागे जाते.

"तुमच्या पुस्तकातलं भूत आणि आमच्या गावची हडळ एकच दिसते," मी म्हटलं.

"नो मावशी, ही जास्त डेंजरस आहे," सई म्हणाली. "ही आईच्या आवाजात हाक मारते. रडत रडत. मुलांना वाटतं आईच आहे, म्हणून ती ओ देतात. मग खलास."

एक दिवस तिने मला अचानक विचारलं, "मावशी, तुझा मुलगा इंडियात आहे ना? मग तू पण रडतेस?"

माझा ओंकार गावी माझ्या आईकडे असतो. मी म्हटलं, "बसमध्ये नाही रडत."

"मग कुठे?"

"पट्टा लाव," मी म्हटलं.

पुढे ते पुस्तक तिच्या डोक्यात फारच बसलं. बस समुद्राच्या रस्त्याला लागली की ती खिडकीकडची जागा सोडायची. पाण्याचा टँकर बाजूने गेला तरी डोळे मिटायची. एका दुपारी तिने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "मावशी, समजा तिने मम्माच्या आवाजात हाक मारली, तर मला कसं कळणार?"

मला काहीतरी तिच्या हाती द्यायचं होतं. माझ्याकडे आमच्या गावचं होतं, ते दिलं. आमच्याकडे तिन्हीसांजेला बाहेरून हाक आली तर पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. भुताला दोनदाच हाक मारता येते. तिसरी हाक आली म्हणजे माणूस. लहानपणी आमच्याकडे पाहुणा आला तर बिचारा अंगणात तीनदा ओरडेपर्यंत कुणी दार उघडत नसे.

सईचा चेहरा खुलला. "तीनदा? सेम आवाजात?"

"त्याच आवाजात. एकाच जागी उभं राहून."

"आणि रडत असेल तर?"

"रडत असेल तर मुळीच नाही," मी म्हटलं. तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं. ती त्या दिवशी खिडकीपाशी बसली आणि मला वाटलं, आपण चांगलं काम केलं.

त्यानंतर काही दिवसांनी तोज आली. धुळीच्या वादळाला इथले लोक तोज म्हणतात. सकाळी आभाळ नुसतं पिवळं होतं. शाळेने मुलांना लवकर सोडलं. बस निघाली आणि अर्दियाच्या गोदामांपर्यंत येते तोवर समोरची गाडी दिसेना. भर दुपारी सगळं विटकरी झालं. तेवढ्यात बसखालून फटकन आवाज आला आणि एसी बंद पडला. इंजिनाचा पट्टा तुटला होता.

उस्मानभाईंनी बस कडेला एका टायरच्या दुकानापाशी घेतली. काचा उघडल्या तर धूळ, बंद ठेवल्या तर भट्टी. ते म्हणाले, "बाय, पोरांना खाली घे, दुकानात बसव. दप्तरं राहू देत. दुसरी बस मागवलीय, पण ती या धुळीत कधी पोचेल ते अल्लालाच ठाऊक."

मी मुलांना एकमेकांचे शर्ट धरायला सांगितलं आणि ओळीने उतरवलं. दुकान अगदी समोर होतं, पण तेवढ्यातही डोळे उघडत नव्हते. शेजारच्या गोदामाला पत्र्याचं कुंपण होतं. वारा त्या पत्र्यांमधून शिरला की हुंदका दिल्यासारखा लांब आवाज यायचा. एक पाण्याचा टँकर तिथेच उभा होता, त्याच्या नळातून पाणी गळत होतं. मागून मोठ्या वर्गातला कुणीतरी हसत ओरडला, "सई, शी इज हिअर!"

दुकानात शिरल्यावर मी मुलं मोजली. एक कमी. पुन्हा मोजली. सईच्या पुढची मुलगी म्हणाली, "आंटी, शी लेफ्ट माय शर्ट."

उस्मानभाईंना मुलांपाशी उभं करून मी बसमध्ये धावले. शेवटच्या सीटपर्यंत वाकून बघितलं. सई नव्हती. तिचं दप्तर होतं आणि पुढच्या कप्प्यात तिचा पंप होता. तो मी मुठीत घेतला. अशा धुळीत धडधाकट माणसाची छाती भरते. सईजवळ पंप नव्हता, आणि बाहेर लॉऱ्या मागे-पुढे होत होत्या, ज्यांच्या ड्रायव्हरना स्वतःचा हात दिसत नव्हता.

उस्मानभाई तोंडाला रुमाल बांधून निघाले. दुकानातला टायरवाला पठाणही निघाला. मला बाकीची मुलं सोडून जाता येत नव्हतं. या नोकरीत हेच सगळ्यात कठीण. हरवलेल्या एकासाठी जीव तुटत असतो आणि समोर बसलेल्यांवरून नजर काढता येत नाही. मी दारात उभी राहिले, एक डोळा मुलांवर, आणि जमेल तेवढ्या जोराने हाक मारली, "सई!" धूळ घशात गेली. खोकला थांबल्यावर पुन्हा मारली. आतमध्ये कुणाला तरी उलटी झाली, म्हणून मी वळले.

बाहेर सगळे हाका मारत होते. उस्मानभाईंची हाक एकदा गोदामाकडून आली, मग रस्त्याकडून. पठाण "बेटी! ओ सई बेटी!" करत पलीकडे गेला. गोदामातले कामगार बाहेर आले, त्यांच्याही हाका. माणूस कुणाला शोधायला लागला की असंच करतो. एका जागी एक हाक, फार तर दोन, की पुढे पळतो. पोलिसांना फोन झाला होता, पण रस्ते सगळीकडे तुंबले होते.

मी वर्षाताईंना फोन केला. काय बोलले ते आठवत नाही. त्या म्हणाल्या, "पंप?" मी म्हटलं, "माझ्याकडे आहे." फोन बंद झाला.

त्या धुळीतून कुणाच्या तरी गाडीने त्या आल्या, अंगावर नर्सचे पांढरे कपडे तसेच. तोवर उस्मानभाई दोनदा हात हलवत रिकामे परतले होते. वर्षाताईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या पत्र्याच्या कुंपणाकडे धावल्या आणि रडत ओरडू लागल्या, "सईऽ! माझी सईऽ! कुठे आहेस गं बाळा!"

मी दारातून ऐकत होते. वारा पत्र्यांतून हुंदके देत होता आणि त्यात त्यांचा आवाज मिसळला होता. विटकरी धुळीत पांढरे कपडे एकदा दिसत होते, एकदा नाही. बाजूला टँकरचं पाणी गळत होतं. हे सगळं मला आधीच कुणीतरी सांगितलेलं होतं. बसमध्ये, माझा हात घट्ट धरून.

उस्मानभाईंना मी आत ओढलं. "भाई, तुम्ही पोरांपाशी थांबा. दारातून हलू नका." आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला हुकूम केला. ते मुकाट्याने दारात बसले.

मी धावत जाऊन वर्षाताईंचा हात धरला. "ताई, रडू नका. रडून हाक मारू नका."

त्यांनी हात झटकला. "माझी पोर हरवलीय आणि तुम्ही मला रडू नका सांगता? तुमच्या ताब्यात होती ना ती?"

"होती. ताई, ऐका. ती पुस्तकातली बाई आईच्या आवाजात रडत हाक मारते. सई तुम्हालाच घाबरतेय. ती ओ देणार नाही. मीच तिला सांगितलंय, की तीनदा हाक आली तरच ओ द्यायची. त्याच आवाजात, एकाच जागेवरून. आम्ही सगळे एकदा-दोनदा मारून पुढे पळतोय."

पुस्तक त्यांना माहीत होतं. रात्रीचा दिवा चालू ठेवायचा हट्ट सई त्यांच्याशीच करत होती. "मला नाही जमणार," त्या म्हणाल्या. "माझा आवाजच..."

"जमतं," मी म्हटलं. "माझा मुलगा गावी आहे. दर शुक्रवारी त्याला फोन करताना मी हेच करते. आधी श्वास सोडायचा, मग नाव घ्यायचं. नाव घेऊन झालं की मग रडायचं."

त्यांनी डोळे पुसले. पाठ ताठ केली. मग मी बघितलं, की त्या बदलल्या. हॉस्पिटलात पेशंटशी बोलताना असतील तशा झाल्या असाव्यात. पठाण परत आला होता, त्याला मी खुणेने टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर बंद करायला सांगितला. तो इतका वेळ धडधडत होता, पण कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आम्ही दुकानाच्या कोपऱ्यावर उभ्या राहिलो. वर्षाताईंनी हाक मारली. सकाळी उठवताना मारावी तशी, साधी.

"सई."

वाऱ्याशिवाय काही नाही. त्यांनी पाय उचलला, मी त्यांचा दंड धरून ठेवला.

"सई."

त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतली. मला वाटलं, आता त्यांचा आवाज फुटणार. फुटला तर सगळं पहिल्यापासून. त्यांनी डोळे मिटले, श्वास सोडला.

"सई."

ओ आली नाही. मी मनात म्हटलं, संपलं, मी चुकीचं सांगितलं. तेवढ्यात कुठूनतरी बारीक, शिट्टीसारखा आवाज आला. दम लागलेल्या मुलाच्या छातीचा आवाज मी ओळखते. त्यामागून अगदी हळू, मी शाळेत वाचायचे त्याहूनही हळू, "ओ."

दुकानाच्या मागच्या भिंतीला लॉरीच्या मोठ्या टायरांची चळत होती, विहिरीसारखी, वर ताडपत्री. त्या विहिरीच्या तळाशी सई गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. उस्मानभाई त्या ताडपत्रीच्या बाजूने कितीदा गेले होते. तिने त्यांची हाक ऐकली होती, पठाणाची ऐकली होती, माझी ऐकली होती. प्रत्येकाची मोजली होती. कुणाचीच तिसरी आली नव्हती.

पठाणाने तिला वर काढलं. ओठ निळसर झाले होते. मी पंप पुढे केला, वर्षाताईंनी तो तिच्या तोंडाला लावला आणि त्याच साध्या आवाजात सांगत राहिल्या, "आत घे. धर. सोड. पुन्हा." छाती मोकळी झाल्यावर सईने पहिलं काय विचारलं असेल, तर, "मम्मा, मघाशी रडत होती ती कोण होती?"

वर्षाताई म्हणाल्या, "मीच." आणि मग मात्र त्यांना थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं.

बसच्या कंपनीने मला बोलावून बोल लावले. नोकरी राहिली. शाळेने ते पुस्तक लायब्ररीच्या वरच्या कप्प्यात नेऊन ठेवलं. पुस्तकाचा काय दोष? पुस्तकात तीन हाकांचं काही नव्हतंच. ते मी घातलं होतं. वर्षाताई पुष्कळ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. सईला स्वतः गाडीने शाळेत सोडायच्या. मला ते बरोबरच वाटायचं. थांब्यावरून बस जायची तेव्हा मी त्यांच्या बिल्डिंगकडे बघायची नाही.

मग एका सकाळी दोघी थांब्यावर उभ्या होत्या. वर्षाताईंनी सईचं कोपर माझ्या हातात दिलं. तळहात नाही, कोपर. त्या एवढंच म्हणाल्या, "पंप पुढच्या कप्प्यात आहे."

सई माझ्या जवळच्या सीटवर बसली आणि दप्तरातून तेच पुस्तक काढलं. मी घाबरून बघितलं. ती म्हणाली, "मम्माने विकत आणलं. शेवट राहिला होता ना. आम्ही दोघींनी वाचला."

"काय होतं शेवटी?"

"मावशी, तिला कुणी ओ देतच नसतं, म्हणून ती रडत असते. इतकी वर्षं. ती हाक मारते आणि सगळे पळतात. शेवटी ती नात पळायची थांबते आणि पहिल्याच हाकेला ओ देते. मग ती बाई बघते, की ही आपली मुलगी नाही, आणि भावाला परत देते. आणि रडायचं थांबते."

"आणि ती नात घाबरत नाही?"

"घाबरते ना. घाबरतच देते." मग तिने माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "तुझा रूल चुकीचा आहे, मावशी."

"असेल," मी म्हटलं.

उस्मानभाई आरशातून बघत होते. ते म्हणाले, "बाय, आता तरी पट्टा लावायला सांग तिला."

त्या दिवसापासून बस भरली की मी पुढे उभी राहून एकेकाचं नाव घेते. जवळ जाऊन, वाकून नाही, उभ्याने, मोठ्याने. शेवटच्या सीटपर्यंत जाते आता माझी हाक. यजमानांना खरं वाटत नाही. ओ आली नाही तर त्याच जागी उभी राहून तीनदा मारते. बहुतेक मुलं दुसरीला देतात, झोपाळू असतात ती तिसरीला. सई मला दुसरी हाक मारू देत नाही.